दोनपैकी एक जण झोपला आहे

बसा. लाईट एवढ्यात येणार नाही, मी आत्ताच खाली वॉचमनला विचारून आलो. साडेदहाला येईल म्हणालाय, म्हणजे साडेबारा धरून चाला. आणि ते लॅपटॉप मिटा आता. मघापासून बघतोय, गच्चीवर एवढी छान हवा सुटलीय आणि तुम्ही चौघं अंधारात माना घालून ठोकळे रचताय. एकमेकांच्या शेजारी बसून इंटरनेटवरून भेटायचं, ही तुमची कमाल आहे.

हसू नका. तुम्हाला वाटतं, हडपसरच्या बॅटरीवाल्या अनंतकाकांना यातलं काय कळतंय. थोडं कळतं. खणायचं, ठोकळे काढायचे, घरं बांधायची. एक जग असतं, ते कुणाच्या तरी एका कॉम्प्युटरवर चालू ठेवायचं, आणि बाकीच्यांनी आपापल्या घरून त्यात शिरायचं. खोटं असेल तर सांगा. मला हे शिकवलं पुष्करने, आणि शिकवलं ते मला आवड होती म्हणून नाही.

तारीख पक्की सांगतो. मागच्या डिसेंबरची अकरा, गुरुवार. मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार, त्यामुळे बायकोचा उपास होता आणि तिने बजावलं होतं की नैवेद्य दाखवायच्या आत घरी या. मी गाडीतळाजवळचं दुकान बंद करत होतो तेवढ्यात पुष्करचा फोन आला. यूपीएस सारखा टीं टीं करतोय, बॅटरी आजच्या आज बदलून द्या म्हणाला. म्हटलं, सकाळी येतो. तर म्हणाला, नाही काका, आज रात्रीच.

हा पुष्कर वर्ध्याकडचा, नोकरी खराडीला. सातववाडीत चौथ्या मजल्यावर भाड्याने राहायचा, सोबत त्याचा शाळेपासूनचा मित्र तेजस. तेजसला मी दोन-तीनदा भेटलो होतो. गोड मुलगा. दिवाळी करून गावाहून परत आला आणि पुढच्याच आठवड्यात मांजरी गावाजवळ त्याची बाईक घसरली. हेल्मेट होतं. तरी गेला.

तर मी बॅटरी स्कूटरवर पायात ठेवून निघालो. सव्वानऊला पोचलो. लिफ्ट बंद. बॅटरी खांद्यावर घेऊन चार मजले चढलो आणि पुष्करला जे काय बोलायचं ते बोलून घेतलं. तो नेहमी उलट उत्तर देणारा मुलगा, त्या दिवशी नुसता दार उघडून बाजूला झाला.

कॉम्प्युटर होता तेजसच्या खोलीत. टेबलाखाली काळा डबा, रात्रंदिवस चालू. खुर्चीच्या पाठीमागे लोखंडी खाट, गादी गुंडाळून ठेवलेली. तेजसचे कपडे, पुस्तकं त्याची आई घेऊन गेली होती. कॉम्प्युटर तेवढा राहिला होता, कारण यांचं ते ठोकळ्यांचं जग त्यावरच होतं. तेजस, पुष्कर, रोहन आणि हिंजवडीला काम करणारी सृष्टी, अशा चौघांनी मिळून दोन वर्षं बांधलेलं.

मी बॅटरी काढून मीटर लावला. शून्य. म्हणजे कमी वगैरे नाही. मेलेली. फुगून तिच्या कडा फाटल्या होत्या. म्हटलं, पुष्कर, दुपारी अख्ख्या हडपसरची लाईट दोन तास गेली होती, तेव्हा हा बंद पडला असणार.

तो म्हणाला, "नाही काका. चालूच होता."

मी पस्तीस वर्षं बॅटऱ्या विकतो. असं होत नाही. पण रात्रीची वेळ, घरी बायको उपाशी, मी विषय वाढवला नाही. कॉम्प्युटर बंद कर म्हटलं, नवी जोडतो, तर त्याने माझा हातच धरला. बंद नको, चालू ठेवूनच बदला. मग तसं केलं. आणि मी हत्यारं आवरत होतो तेव्हा तो खाली फरशीवर बसला आणि सांगायला लागला.

आपल्याकडे माणूस गेला की काय करतात, माहीत आहे ना? की तेही आता मोबाईलवर बघता? जिथे तो झोपायचा तिथे दिवा लावतात. वात दक्षिणेकडे. दहाव्यापर्यंत विझू द्यायचा नाही. शेजारी पीठ पसरून वर टोपली पालथी घालतात. सकाळी उचलून बघायचं, पिठात काय उमटलंय. गायीचं पाऊल दिसलं, पाखराचं दिसलं, तर माणूस त्या जन्माला गेला. मग दिवा पाण्यात सोडायचा आणि गेलेल्याला मोकळं करायचं.

या तिघांना वर्ध्याला जायला सुट्टी मिळाली नाही. ज्याच्या त्याच्या ऑफिसात काहीतरी तातडीचं काम होतं. बरं, इथे खोलीत दिवा लावावा, तर घरमालकाची सक्त ताकीद, घरात पेटता दिवा ठेवून बाहेर जायचं नाही. आणि पुष्कर दिवसभर ऑफिसात. मग रोहनच्या डोक्यातून निघालं की आपण दिवा गेममध्ये लावू.

त्या जगात तेजसचं घर होतं. गावाकडच्या घरासारखं हुबेहूब बांधलेलं. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, दारात कडुनिंब. आत एक पलंग. यांनी तिथे दक्षिणेच्या भिंतीला मशाल लावली. पिठासाठी काय, तर पलंगाभोवती माती नांगरून ठेवली. त्या गेममध्ये नांगरलेल्या मातीवर कुणी उडी मारली की ती पुन्हा सपाट होते, चाललं तर होत नाही. अकराव्या दिवशी तिघांनी जाऊन बघितलं. माती जशीच्या तशी. डोळे पुसले आणि आपापल्या कामाला लागले.

चूक कळली का?

त्या मशालीला तेल नाही, वात नाही. एकदा लावली की लावली. ती आपोआप विझत नाही. आणि मुद्दाम कुणी विझवली नाही.

महिनाभर ती तशीच जळत होती. त्या गुरुवारी दुपारी तेजसच्या आईचा, मथुराबाईंचा, पुष्करला फोन आला. त्या रडत होत्या. महिना झाला, तेजस रोज स्वप्नात येतो. पुष्करला वाटलं, बाईंना तेवढाच धीर. म्हणाला, काकू, आम्ही इथे त्याच्यासाठी दिवा लावलाय, गेममध्ये, तो अजूनही जळतोय.

पलीकडचं रडणं थांबलं.

मग त्या म्हणाल्या, "काहून ठेवला रे बाबू अजून? माहा पोरगा रोज सपनात येऊन म्हणते, आई, लय उजेड हाये, झोप नाही येऊन राहिली. मले समजतच नव्हतं कोणता उजेड."

मथुराबाईंनी त्याला तीन कामं सांगितली होती. आज रात्री तो दिवा विझव. त्याला तोंडाने सांग की जा. आणि त्याच्या खाटेपाशी खरं पीठ पसरून, झाकून ठेव, सकाळी काय दिसतं ते मला कळव. पोरगा सुटला की नाही, एवढंच मला कळू दे, म्हणाल्या.

खाटेच्या पायथ्याशी त्याने पीठ पसरलंही होतं. टोपली कुठून असणार, कपडे भिजवायचा निळा टब पालथा घातला होता. मला म्हणाला, काका, थांबाल का? मी म्हटलं, अरे, घरी नैवेद्य खोळंबलाय, आणि गेममधली मशाल विझवायला तुला माणूस कशाला हवा? जुनी बॅटरी सकाळी घेऊन जातो म्हणालो आणि निघालो.

थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही, हे मला अजून टोचतं.

पुढचं त्याने मला सकाळी सांगितलं.

अकरा चाळीसला तो गेममध्ये शिरला. जगात तो एकटाच. तिथेही रात्र होती. त्याचं घर नदीकाठी, तेजसचं टेकडीपलीकडे, मध्ये तेजसनेच घातलेला दगडी रस्ता. चालत गेला. दार उघडलं. मशाल जळत होती.

पलंगाभोवती नांगरलेली माती. तीत एक चौकोन सपाट झालेला.

एकच. पलंगाला लागून. माणूस पलंगावरून खाली उतरतो ना... तिथे.

त्याने रोहनला मेसेज केला, तू आला होतास का इथे? उत्तर नाही, रोहन झोपलेला. मग त्याने धीर करून मोठ्याने म्हटलं, "तेजस, जा आता." रिकाम्या खोलीत स्वतःचाच आवाज ऐकून त्याला लाज वाटली, म्हणाला. आणि मशाल तोडली.

अंधार.

आता तुम्हाला ठाऊक आहे, त्या गेममध्ये अंधारात कसले कसले राक्षस जन्माला येतात. तेव्हा सकाळ होईपर्यंत बाहेर पडायचं नाही. आणि सकाळ करायची तर पलंगावर आडवं व्हायचं. जगात जेवढे जण असतील तेवढे सगळे आडवे झाले की रात्र सरते. एक जरी जागा असेल तर सरत नाही. बरोबर? पुष्कर तर एकटाच होता. म्हणजे आडवं झालं की लगेच सकाळ.

तो समोरच्या पलंगावर आडवा झाला.

सकाळ झाली नाही.

स्क्रीनवर खाली ओळ आली. इंग्रजीत येते ती, मी मराठीत सांगतो. दोनपैकी एक जण झोपला आहे.

दोनपैकी.

त्याने हजर असलेल्यांची यादी उघडली. एकच नाव. त्याचं. यादी बंद केली. ओळ तशीच. दोनपैकी एक जण झोपला आहे.

त्याने सृष्टीला फोन लावला. तिची रात्रपाळी होती. ती म्हणाली, मी गेम उघडलेलाच नाही, ऑफिसात आहे. तिला वाटलं काहीतरी बिघाड असेल. त्याच्याकडून सगळं नीट ऐकून घेतलं. आणि विचारलं,

"पुष्कर... तू कुणाच्या पलंगावर झोपलायस?"

पुष्करने स्क्रीनकडे बघितलं. तेजसचं घर. तेजसचा पलंग. झोप येत नाही म्हणून जो महिनाभर आईला सांगत होता, त्याच्या जागेवर हा पसरलेला.

तो उठला. गेममध्ये. पलंगावरून खाली आला, दाराबाहेर गेला, दार लावून घेतलं. बाहेर अंधारात उभा राहिला. आडवा नाही. उभा.

ओळ गेली.

...

मग पुन्हा आली.

दोनपैकी एक जण झोपला आहे.

थांब, प्रियदर्शनी, मध्ये बोलू नकोस. तू जे विचारणार आहेस तेच सृष्टीने फोनवर विचारलं. मग आता झोपलंय कोण? आणि त्याच वेळी पुष्करच्या पाठीमागे...

खऱ्या खोलीत...

खाट कुरकुरली.

लोखंडी खाट. गादी गुंडाळलेली. तुम्ही झोपताना कूस बदललीत की होतो ना, तेवढाच आवाज. एकदाच.

त्याने मागे बघितलं नाही. मी सकाळी त्याला विचारलं, का रे बघितलं नाहीस? तर म्हणाला, काका, झोपलेल्या माणसाकडे काय बघायचं. शहाणपणाचं बोलला.

आता एकच उपाय होता. दुसरा आडवा झाला होता. जागा होता तो फक्त पुष्कर. याने जाऊन स्वतःच्या पलंगावर झोपायचं, म्हणजे रात्र सरेल. तेजसची पण.

दगडी रस्ता. चार मिनिटं. स्क्रीनवर मागे वळायचं नाही. खोलीत मागे वळायचं नाही. सृष्टी फोनवर होती. नदी आली. घर आलं. दार. पलंग.

आडवा झाला.

दोनपैकी दोघे झोपले आहेत.

आणि सकाळ झाली. तिथली. इथे बारा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. पुष्कर तसाच खुर्चीवर बसून राहिला, खाटेकडे पाठ करून, उजाडेपर्यंत. फोनची बॅटरी संपेपर्यंत सृष्टी लाइनवर होती. मग तीही नाही.

मी साडेसहाला गेलो. दार उघडलं तेव्हा मी त्याला ओळखलं नाही क्षणभर. जिन्यातच बसून त्याने मला हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, चल, आत जाऊ, दिवस उजाडलाय. खोलीत गेलो. सगळं नेहमीसारखं. खाट, गादी, कॉम्प्युटरचा पंखा घूं घूं करतोय. त्याचा बंद पडलेला फोन मी चार्जरला लावून चालू केला आणि तो लगेच वाजला. मथुराबाई.

त्याच्याने बोलवेना, म्हणून मी घेतला. सांगितलं, मी अनंत, हडपसरचा, पुष्करच्या ओळखीचा. त्या बाईंचा आवाज आदल्या दिवशी रडत होता यावर माझा विश्वास बसला नसता. इतका शांत.

"रात्री नाही आला तो सपनात," म्हणाल्या. "महिन्यानं झोपली मी. भाऊ, पीठ पाहिलं का? काय उमटलं?"

पुष्करने टब उचलला. फोन माझ्या कानाला. मी खाली वाकून बघितलं.

पुष्करने टब हळूच बाजूला ठेवला.

पलीकडून त्या विचारत होत्या, भाऊ? दिसून राहिलं का काही? एका आईला फक्त एवढंच ऐकायचं होतं की पोरगा पुढे गेला, चांगल्या जन्माला गेला. मी धंद्यात कुणाला जुनी बॅटरी नवी म्हणून विकलेली नाही. पण त्या सकाळी मी स्वच्छ खोटं बोललो.

"गायीचं पाऊल आहे, ताई. अगदी स्पष्ट."

त्या खूप रडल्या. मला आशीर्वाद दिले. तो आशीर्वाद मी कुठे ठेवू, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तो कॉम्प्युटर अजून चालू आहे. पुष्करने खोली बदलली नाही, नोकरी बदलली नाही. तो गेम पुन्हा कुणी उघडलेला नाही, ना त्याने, ना सृष्टीने, ना रोहनने. पण बंदही करत नाहीत. मी एकदा म्हटलं, बंद केला तर ते जग मोडतं का रे? म्हणाला, मोडत नाही काका. नुसतं थांबतं. जो जिथे असेल तिथे.

त्यामुळे यूपीएसची बॅटरी मी वेळेच्या आधीच बदलतो. ही आत्ता स्कूटरवर ठेवलेली त्याच्यासाठीच आहे. सातववाडीलाही लाईट गेली असणार, मघाशी त्याचा मेसेज आला. निघतो मी.

काय म्हणालीस? पिठात काय होतं?

...

सांगायलाच हवं का?

बरं. ठसा एकच होता. पिठाच्या मधोमध, खोल, पूर्ण वजन टाकून उमटलेला. टब जागचा हललेला नव्हता. आजूबाजूचं पीठ जराही विस्कटलेलं नव्हतं. गायीचं पाऊल नव्हतं. पाखराचं नव्हतं. माणसाचंही नव्हतं. बोटं नाहीत, टाच नाही.

चौकोन होता.

चार बोटं लांब, चार बोटं रुंद. कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. तुमच्या त्या गेममधल्या माणसांना चौकोनी पाय असतात ना, तसा.

मी आणि पुष्करने खूप वेळ तो बघितला. खाटेकडून कॉम्प्युटरकडे गेला की कॉम्प्युटरकडून खाटेकडे आला, तेवढं तरी कळावं म्हणून. पावलाला पुढचं-मागचं असतं, चौकोनाला नसतं. तो जात होता की येत होता, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.